हात तयार असला पाहिजे

(लिंबायत, सुरत येथील मराठी वाचकांपुढे आमच्या संपादकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



लिंबायतला येऊन साहित्यावर चार शब्द बोलावेत, असा निरोप आपण पाठविलात आणि विषयही आपणच नेमून दिलात : लेखकाला सवयीचा उपयोग किती? विषय वरवर सोपा दिसतो. परंतु समोर बसलेल्यांपैकी कित्येकजण लूमच्या कारखान्यातील बारा तासांची पाळी भरून आले आहेत, आणि कित्येक भगिनी दिवसभर साड्यांना खडे चिकटवून, धागे कापून आल्या आहेत, हे पाहिले म्हणजे त्या प्रश्नाचे खरे रूप कळते. ज्याला वेळ नाही, एकांत नाही, टेबलखुर्ची नाही, त्याने लिहावे की नाही? लिहावे तर कोणाच्या भरवशावर? स्फूर्तीच्या, की सवयीच्या?

आमचे उत्तर आम्ही प्रारंभीच सांगून टाकतो. सवयीच्या. स्फूर्ती येते, हे आम्ही नाकारीत नाही. पण ती वेळ ठरवून येत नाही, आणि आली तरी फार वेळ थांबत नाही. त्या घटकेला हात तयार असावा लागतो. हात तयार करण्याचे काम सवयीवाचून दुसरे कोणीही करू शकत नाही.

आपल्याकडे कवीचे एक चित्र रूढ झाले आहे. केस वाढविलेला, व्यवहारात बावळा, चंद्राकडे टक लावून बसलेला असा एक प्राणी, ज्याच्यावर सरस्वती एके दिवशी अकस्मात प्रसन्न होते. हे चित्र आपल्या पूर्वसूरींनी मात्र काढलेले नाही. काव्य कशाने निर्माण होते याची चर्चा करताना मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त तीन गोष्टी सांगितल्या : जन्मजात शक्ती, लोकव्यवहाराच्या आणि शास्त्राच्या अवलोकनाने आलेली निपुणता, आणि जाणत्यांच्या हाताखाली केलेला अभ्यास. या तिन्ही मिळून एक कारण होते, असा त्याचा निर्वाळा. दंडी तर त्याच्याही पुढे गेला. पूर्वजन्मीची प्रतिभा नसली तरी श्रमाने वाणीची उपासना करणाऱ्यावर ती काही ना काही अनुग्रह केल्यावाचून राहत नाही, असे त्याने ‘काव्यादर्शा’त सांगितले. महाराष्ट्राशी नाते सांगणाऱ्या यायावर कुळातला राजशेखर हा सुमारे ९०० सालचा ग्रंथकार. त्याने ‘काव्यमीमांसे’त कवीच्या दिवसाचे वेळापत्रकच आखून दिले. पहिल्या प्रहरी विद्यांचे अध्ययन, दुसऱ्या प्रहरी काव्यरचना, भोजनोत्तर तिसऱ्या प्रहरी काव्यगोष्टी, चौथ्या प्रहरी सकाळी रचलेल्याची तपासणी. रात्री तपासलेले लिहून काढावयाचे आणि मग निद्रा. हे दरबारी कवीचे वेळापत्रक आहे आणि पाळीवर जाणाऱ्या माणसाला ते जसेच्या तसे लागू पडणार नाही, हे उघडच आहे. पण त्यातील एक गोष्ट घेण्याजोगी आहे. रचण्याची वेळ वेगळी आणि तपासण्याची वेगळी, हे त्या पंडिताला हजार वर्षांपूर्वी कळले होते.

समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. त्यात स्फूर्तीची चर्चा नाही. अक्षर वळणदार कसे असावे, ओळी सरळ कशा याव्यात, कागद कसा असावा, पोथी कशी बांधावी, हे सांगितले आहे. ज्याने प्रपंच आणि परमार्थ या दोहोंवर ग्रंथ रचला, त्याला अक्षर घोटण्याची गोष्ट क्षुद्र वाटली नाही. आम्हांला ती क्षुद्र का वाटावी?

आता ग्रंथांतून बाहेर पडून आपल्या मुलखातील उदाहरणाकडे येऊ. लिंबायतच्या शेजारच्या उधना स्थानकातून जी तापी खोऱ्याची गाडी सुटते, ती नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करीत जळगावकडे जाते. आपल्यातील निम्म्याअधिक कुटुंबांचे गाव या लोहमार्गाच्या आसपासचे आहे. त्यातील अमळनेर गावी १९२४ साली एक तरुण शिक्षक प्रताप हायस्कुलात रुजू झाला. तो खानदेशचा नव्हता. कोकणातील पालगडचा होता. म्हणजे तोही पोटासाठी आणि कामासाठी परमुलखात आलेलाच माणूस. त्याचे नाव पांडुरंग सदाशिव साने. शाळेच्या छात्रालयाचे काम त्याच्याकडे आले आणि त्याने मुलांसाठी एक दैनिक सुरू केले. छापखाना नव्हता, भांडवल नव्हते. ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहिलेले असे. दिवसभर शिकवावे, मुलांची शुश्रूषा करावी, आणि तरीही दैनिकाचा मजकूर लिहावा. त्याला वाचक किती? छात्रालयातील मुले तेवढी. मानधन काय? काही नाही. १९२८ साली ‘विद्यार्थी’ मासिक निघाले. १९३० साली नोकरी सोडून साने गुरुजी सत्याग्रहात उतरले. तोवर त्यांचा हात रोजच्या लेखनाने सराईत झाला होता.

पुढे काय घडले ते पाहा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे आणि साने गुरुजी एकत्र होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक याप्रमाणे विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. विनोबा बोलत होते. ते काही ग्रंथ लिहीत नव्हते. ती वाणी कोणी टिपून घेतली नसती तर तुरुंगाच्या भिंतींतच विरून गेली असती. गुरुजींनी ती टिपून घेतली. आज ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ भारताच्या अनेक भाषांत वाचला जातो, त्याचे श्रेय बोलणाऱ्याच्या प्रज्ञेला आहे तसेच लिहिणाऱ्याच्या हातालाही आहे.

त्याच्या पुढच्या वर्षी, १९३३च्या फेब्रुवारीत, गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. ९ तारखेला त्यांनी लिहावयास घेतले आणि १३ तारखेच्या पहाटे थांबले. दिवसा तुरुंगातील काम, आणि उरलेल्या वेळी, रात्री व पहाटे, लेखन. या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ कागदावर उतरली. पाच दिवस ऐकले की लोक म्हणतात, ही स्फूर्ती! आम्ही म्हणतो, स्फूर्ती खरीच. आईची आठवण अंतःकरणात दाटली होती, हेही खरे. पण त्या पाच दिवसांच्या पाठीशी अमळनेरच्या छात्रालयातील रोजचे लेखन उभे होते. ज्या हाताने मुलांसाठी वर्षानुवर्षे साधे, सरळ, डोळ्यांत पाणी आणणारे मराठी लिहिले, त्याच हाताला आईचे चरित्र पाच दिवसांत लिहिता आले. आणखी एक मौज अशी की, त्या पुस्तकाची रचनाही सवयीवरच उभी आहे. आश्रमातील प्रार्थना झाली की श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो. पुस्तकातील प्रकरणांना ‘रात्र’ म्हणतात. रोज रात्री सांगावयाचे, हा नेम नसता तर त्या गोष्टींना तो शांत ओघ आला असता काय?

आता कोणी विचारील, सवयीने हे साधते कसे? सवय तर यंत्रासारखी. आणि यंत्रातून काव्य कसे निघावे? याचे उत्तर येथे बसलेल्या विणकरांना पुस्तकी पंडितांहून अधिक ठाऊक आहे. नवशिका कारागीर मागावर उभा राहतो तेव्हा त्याचे सगळे चित्त धाग्यात गुंतलेले असते. वर्ष-दोन वर्षांनी धागा तुटल्याचे त्याला डोळ्यांआधी कानाने कळते. गाठ कशी मारावी याचा विचार न करता बोटे ती मारतात. मन मोकळे होते. हे मोकळे झालेले मन हीच सवयीची देणगी. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने १८९० सालच्या आपल्या ग्रंथात हेच तत्त्व मांडले आहे : दैनंदिन जीवनातील जितका तपशील आपण सवयीच्या स्वाधीन करू, तितक्या मनाच्या वरच्या शक्ती त्यांच्या खऱ्या कामाला मोकळ्या होतात. रोज कोठे बसू, केव्हा बसू, वही कोठे आहे, आज लिहू की उद्या, याच वाटाघाटीत ज्याची शक्ती खर्च होते, त्याच्याजवळ लिहिण्यासाठी काही उरतच नाही.

जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु त्यांच्या रचनेला बैठक होती. ती बैठक जात्यासमोर, चुलीसमोर, शेताच्या बांधावर होती. हात नेहमीच्या कामात गुंतलेले आणि मन मोकळे. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका आप्ताने ती गाणी टिपून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती गाणी प्रसिद्ध झाली. येथेही पाहा, गाणारीची सवय आणि टिपणाऱ्याची सवय, दोन्ही असल्या म्हणूनच ते धन महाराष्ट्राच्या हाती लागले.

जात्याची गोष्ट येथेच संपत नाही. महाराष्ट्रातील असंख्य स्त्रियांनी पहाटेच्या दळणाबरोबर ओव्या रचल्या. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून चालविलेल्या कार्यात अशा १,००,००० हून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या रचणाऱ्यांपैकी कोणी स्वतःला कवयित्री म्हणवीत नव्हते. दळण रोजचे होते, म्हणून ओवी रोजची होती. मग गावोगाव पिठाची गिरणी आली. बायांच्या खांद्यांवरचे कष्ट उतरले, ते फार उत्तम झाले; त्याबद्दल कोणीही हळहळू नये. पण दळणाबरोबर ती पहाटेची घटका गेली, आणि त्या घटकेबरोबर नवी ओवी रचली जाण्याचे थांबत गेले. बायांची प्रतिभा आटली होती काय? मुळीच नाही. जिच्या आश्रयाने ती प्रतिभा नांदत होती, ती सवय मोडली होती.

हीच गोष्ट आपल्या वस्तीतही घडली आहे. खानदेशातून सुरतेस आलेला माणूस पूर्वी गावी पत्र लिहीत असे. पैसे पोचले का, पाऊस झाला का, बैल विकला का, धाकटीचे स्थळ पाहिले का, असे विचारीत असे. ते पोस्टकार्ड हे त्याचे मराठी लेखन होते. ज्याला लिहिता येत नसे तो दुसऱ्याकडून लिहून घेई आणि लिहून देणाऱ्याचा हात आपसूक तयार होई. दूरध्वनी आला, मग भ्रमणध्वनी आला. आता तर आवाजच पाठविता येतो. सोय झाली, अंतर मिटले. पण पत्र गेले त्याबरोबर मराठी लिहिण्याचा घरोघरचा परिपाठही गेला. भाषा बंदीहुकमानेच मरते असे नाही. ती वापरावाचून, कोणाचा काही अपराध नसतानाही, हातून निसटते. सुरतेत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत; त्या अक्षर शिकवतील. अक्षर लिहीत राहण्याची सवय मात्र घराला लावावी लागते.

सवयीबद्दल बोलताना सुरतकरांपुढे आम्ही कवी नर्मदाचे नाव घेतले नाही तर तो कृतघ्नपणा होईल. या शहराच्या त्या सुपुत्राने १८५८ साली नोकरी सोडून लेखणीच्या आधाराने जगण्याचे ठरविले, ही कथा प्रत्येक गुजराती घरात ठाऊक आहे. तो निश्चय एका दिवसाचा होता. पण त्याच नर्मदाने २५,००० हून अधिक शब्दांचा ‘नर्मकोश’ वर्षानुवर्षे खपून सिद्ध केला आणि १८७३ साली तो पुरा झाला. निश्चय करणाराचे आम्हांला कौतुक वाटते. एकेक शब्द वेचणाऱ्यापुढे मात्र आम्ही मस्तक लववतो. शेजारच्या भाषेकडून घेण्यासारखे हेच आहे.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. इंग्लंडात अँथनी ट्रॉलोप नावाचा कादंबरीकार टपालखात्यात नोकरीस होता. रोज पहाटे साडेपाचला तो लिहावयास बसे. समोर घड्याळ ठेवी आणि दर पाव तासाला २५० शब्द लिही. अशा रीतीने त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. १८८२ साली तो वारला आणि पुढच्या वर्षी त्याचे आत्मचरित्र निघाले. त्यात हा हिशेब वाचून त्याच्या कीर्तीला उतरती कळा लागली. लोकांना वाटले, घड्याळ लावून लिहिणारा हा कसला कलावंत! या आक्षेपात अन्याय आहे, पण थोडे तथ्यही आहे. सवय दोन प्रकारची असते. एक बसण्याची आणि दुसरी बोलण्याची. पहिली लेखकाला तारते. दुसरी त्याला मारते. आमच्या वृत्तपत्रीय व्यवसायात याचा अनुभव रोज येतो. अग्रलेख लिहिताना ‘ज्वलंत’ हा शब्द ‘प्रश्ना’च्या आधीच येऊन उभा राहतो, अन्याय म्हटला की ‘घोर’ आलाच, आणि निषेध तर ‘तीव्र’ असल्यावाचून निघतच नाही. हे शब्द लेखक निवडीत नाही. ते स्वतःच टाकात शिरतात. म्हणून आम्ही असे म्हणतो की, वेळ ठरलेली असावी, जागा ठरलेली असावी. वाक्य मात्र रोज नव्याने शोधावे. माग तोच असतो, पण रोज तीच नक्षी विणणारा माल बाजारात पडून राहतो, हे आपणांस आम्ही सांगावयास नको.

आता व्यवहाराचे बोलू. आपली पाळी एक आठवडा दिवसाची, दुसरा आठवडा रात्रीची. तेव्हा अमुक वाजताच बसा, असा उपदेश आम्ही करणार नाही. सवय घड्याळालाच बांधली पाहिजे असे नाही. ती दुसऱ्या एखाद्या नित्य गोष्टीला बांधावी. पाळीवरून आल्यावर हातपाय धुऊन, जेवण्याआधी, पंधरा मिनिटे. अथवा घर निजल्यावर दिव्याखाली एक पान. नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले, महापालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून काम केले, पुढे ते शिक्षक झाले; १९६२ साली त्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा संग्रह निघाला. त्यांना मोकळा वेळ कोणी आणून दिला नव्हता.

दिवस चुकला तर काय, असेही कोणी विचारील. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ९६ माणसांच्या सवयींचे निरीक्षण केले आणि २०१० साली ते प्रसिद्ध केले. नवी गोष्ट अंगवळणी पडावयास मधल्या मानाने ६६ दिवस लागले; कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्याने मात्र सवय मोडली नाही. तेव्हा एक दिवस बुडाला म्हणून वही फेकून देऊ नये. दोन महिने धीर धरावा.

आणि काय लिहावे? जे हाताशी आहे ते. आज मागावर काय घडले, खोलीच्या भाड्यावरून काय बोलणे झाले, नंदुरबारहून आलेली आजी काय म्हणाली. ती अहिराणीत बोलली असेल तर अहिराणीतच लिहावे. बहिणाबाईंची खानदेशी बोली मराठीने शिरोधार्य मानली आहे. ज्या दिवशी काहीच सुचणार नाही, त्या दिवशी त्याच दिवसाचा जमाखर्च लिहावा. पण लिहावे.

हा आग्रह आम्ही कशासाठी धरतो, ते सांगून पुरे करतो. या शहरावर १९९४च्या सप्टेंबरात प्लेगचे संकट आले आणि भयभीत माणसांनी गाड्या भरून गेल्या. २००६च्या ऑगस्टात तापीने शहर बुडविले. २०२०च्या मार्चमध्ये सारा देश बंद झाला. माग थांबले आणि गावची वाट मैलांनी मोजण्याची पाळी कामगारांवर आली. ही तिन्ही संकटे आपल्यापैकी अनेकांनी अंगावर झेलली आहेत. वर्तमानपत्रांनी आकडे छापले, सरकारने अहवाल केले. पण पाण्यात बुडालेल्या खोलीतून प्रथम काय उचलले, बंद पडलेल्या मागापुढे उभे राहून कारागिराला काय वाटले, हे त्या माणसावाचून कोणी लिहू शकत नाही. अशा वेळी सांगावयाचे पुष्कळ असते. लिहिणारा हात मात्र तयार नसतो, आणि संकटाच्या दिवशी तो नव्याने तयार करता येत नाही. धुळ्याच्या तुरुंगात विनोबा बोलू लागले त्या रविवारी साने गुरुजी लिहावयास शिकले नाहीत. ते आधीच शिकले होते, छात्रालयातल्या मूठभर मुलांसाठी.

पुढचा प्रसंग दुःखाचाच असेल असे नाही. तो आनंदाचाही असेल. पण तो सांगून येणार नाही. आपली मुले उद्या विचारतील की, आजोबा गाव सोडून येथे आले तेव्हा हे लिंबायत कसे होते? त्यांच्या हाती एक वही देता यावी, एवढीच आमची विनंती आहे. ती आज रात्री सुरू करावी. पहिले पान चांगले साधणार नाही. त्याची खंत करू नये. ते पान केवळ हात तयार करण्यासाठी आहे.